वासूबायची दोन बोटं

आमच्या मजल्यावरच्या वासूबाय नमस्कार करत नाहीत. त्या समोरच्याचं मनगट पकडतात, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवतात आणि भिंतीकडे बघत उभ्या राहतात. थोड्या वेळाने म्हणतात, "चालते हाय. जा." मग माणूस जातो. दूधवाला, वॉचमन, मीटर बघायला आलेला, कोणीही यातून सुटलेला नाही. नवीन भाडेकरू सामान चढवत असतानाच त्याची नाडी बघून होते.

खारी गावाला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत या दोन बोटांची धास्ती आहे. एकदा वार्षिक सभेत त्यांनी सेक्रेटरी सावंतांचं मनगट धरलं आणि काही न बोलता सोडून दिलं. सावंतांनी आठवडाभरात रक्तापासून छातीपर्यंत सगळं तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं. रिपोर्टची पिशवी घेऊन ते जाब विचारायला गेले, तेव्हा वासूबाय म्हणाल्या, "मोजत व्हते. तू मधीच मेंटेनन्सचं बोललास. इसरले."

वासूबायचं खरं नाव वासिलिकी. त्या ग्रीसच्या. तिथल्या एका बंदराच्या गावात जन्मल्या, वडिलांपासून लपून बास्केटबॉल शिकल्या. मुलगे घरी गेल्यावर जे मैदान उरायचं, ते मुलींचं. पुढे त्या देशाकडून खेळल्या. मग प्रशिक्षक झाल्या, आधी मुलींच्या आणि पुढे चक्क पुरुषांच्या संघाच्या. त्या गावात याआधी कोणत्याही बाईने हे केलं नव्हतं. पहिल्या दिवशी एका उंच खेळाडूने त्यांना कॉफी आणायला सांगितली. त्यांनी आणली आणि बाकावर बसून सावकाश स्वतःच प्यायली. ती संपेपर्यंत संघ मैदानाभोवती धावत होता. "कॉफी लय गरम व्हती," त्या सांगतात.

इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावचे सायमन जहाजावर इंजिनियर होते. त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी त्या बंदरात अडकलं, आणि नंतर सायमनही अडकले. सायमन निवृत्त झाल्यावर दोघं पालीला आले. मराठी वासूबायना सासूने शिकवली, मासळी निवडता निवडता. त्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. म्हणून वासूबाय सेक्रेटरींना अरे म्हणतात आणि नगरसेवकालाही.

सायमन गेले. त्यानंतर त्यांनी पालीचं घर सोडून आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला. कारण एकच, खिडकीतून शाळेच्या मैदानावरची बास्केटबॉलची रिंग दिसते. पाणी येतं का, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या मैदानावर त्यांनी वस्तीतल्या मुली गोळा केल्या. जगभरचे प्रशिक्षक मुलांना सांगतात, घाबरू नका. वासूबाय टाळ्या वाजवून ओरडतात, "घाबर गो, घाबर! घाबरलीस तर मागं बघशील!" केबिन रोडवर भाजी घेतानाही त्या अनोळखी लोकांना सावध करतात, "डावीकडनं रिक्षा!" लोक दचकतात, पिशव्या सांडतात. वासूबाय समाधानाने पुढे जातात.

सरावाच्या आधी मात्र त्या ओरडत नाहीत. मुली रांगेत हात पुढे करतात. सगळ्यांची नाडी बघितल्याशिवाय चेंडू पिशवीतून निघत नाही. मुली हसतात, वासूबाय हसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मीरा रोडच्या संघाशी सामना होता. जिल्ह्याच्या निवडीसाठी माणसं बघायला आली होती, ती मुख्यतः आमची कर्णधार श्रावणी परब हिच्यासाठी. वासूबायनी रांगेत तिचं मनगट धरलं. सोडलं नाही. मग दुसरं धरलं. रांगेतलं हसणं थांबलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? खाली बसू?"

"बाकावर. चुकते हाय. मधीच एक ठोका चुकते हाय."

श्रावणीचा चेहरा उतरला. तिची आई, मनीषाताई, प्रेक्षकांतून तरातरा आली. "वासूबाय, हा काय तमाशा लावलाय? आज तिचं सिलेक्शन आहे! वर्षभर ती पहाटे उठतेय ते कशासाठी?"

"डॉक्टरला दाव. मंग खेळंल."

"उद्या नेते ना! आज खेळू दे. तुम्ही सावंतांनाही असंच घाबरवलं होतं."

"व्हय," वासूबाय म्हणाल्या. त्यांनी श्रावणीचा हात अजून सोडला नव्हता. "तिकडं माझ्या टीममंदी एक पोरगी व्हती. बोलली, बाय, दम लागला. मी बोलले, नाटक नको, धाव. ती धावली. पडली ती उठली न्हाय."

श्रावणी स्वतःच बाकावर जाऊन बसली. सामना आम्ही हरलो. निवड समितीची माणसं मध्यंतरालाच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही हॉस्पिटलला गेलो. मागे मध्ये श्रावणी, एका बाजूला मनीषाताई, दुसऱ्या बाजूला वासूबाय. काल मनीषाताई चिडल्या होत्या. आज त्या मुलीच्या गळ्याकडे, तिथे उडणाऱ्या शिरेकडे बघत होत्या. ही भीती कालपर्यंत त्या घरात नव्हती.

हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी झाली. दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर वासूबाय पाय जुळवून बसल्या होत्या, पुढचं नाव आपलं पुकारलं जाईल अशा. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

डॉक्टर बाहेर आले. "काही नाही. हृदय एकदम छान आहे. या वयात, टेन्शनमध्ये, असा एखादा ठोका इकडेतिकडे होतो. खेळू दे तिला."

श्रावणी आत बूट घालत होती. मनीषाताईंनी डोळे पुसले आणि वळल्या. भीती गेली होती, आता राग यायला जागा होती. "ऐकलंत? काही नाही! आता त्या सिलेक्शनचं काय करायचं, ते सांगा."

वासूबायनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बोलू लागल्या. बोलणं ग्रीक होतं. एवढ्या वर्षांत इमारतीत ते कोणी ऐकलं नव्हतं. आधी सावकाश, मग भरभर. शिपाई थांबला, बाकावरचे रुग्ण वळून बघू लागले. एकही शब्द कळत नव्हता, फक्त एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं. कातेरीना. प्रत्येक वेळी ते नाव घेताना त्यांचा आवाज खाली जात होता, आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.

मनीषाताईंनी थांबवायला हात वर केला होता. तो तसाच खाली आला. त्या वासूबायशेजारी बाकावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"हं," त्या म्हणाल्या. "मग?"

आणि वासूबाय पुढचं सांगू लागल्या.