वस्तीचं वर्णन

कर्नल आन्सेल्मो उर्तुबे ज्या गोष्टीचं चांगलं वर्णन करीत, ती गोष्ट जागेवरून नाहीशी होऊन त्यांच्या लेखात जात असे. अर्जेंटिनाच्या दक्षिण सीमेवरच्या छावणीला याची सवय होती. त्यांनी एका तळ्यावर लेख लिहिला, तेव्हा घोड्यांना पाणी पाजायला दुसरीकडे न्यावं लागलं. राजधानीतल्या वाचकांना तळं फार आवडलं.

युद्धमंत्र्यांनी कर्नलना बोलावून घेतलं. "सीमेपलीकडे त्या कुरुनावेल नायकाची वस्ती आहे. माणसं, तंबू, गुरं. तिच्यावर लिहा. दारूगोळा वाचेल, साहित्यातही भर पडेल."

"त्याची मुलगी माझी धर्मकन्या आहे, साहेब."

"मग तर जिव्हाळ्यानं लिहाल."

कर्नल वस्तीवर गेले. कुरुनावेलनं घोडीचं मांस भाजलं. खाणं झाल्यावर कर्नलनी हुकूम सांगितला.

"वाईट लिही," कुरुनावेल म्हणाला.

कर्नलनी मन लावून वाईट लिहिलं. मुलीला चंद्रमुखी म्हटलं, तंबूंना रमणीय. वस्तीतलं एक कोकरूसुद्धा हललं नाही. मंत्र्यांनी मजकूर परत पाठवला: शैलीत पूर्वीची धार नाही, सुधारून द्यावा, अन्यथा कोर्टमार्शल.

तेव्हा कर्नलनी मंत्र्यांवरच लिहिलं. हुकूम देताना मंत्री अंगठी फिरवत आणि 'साहित्य' म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला होई. एवढं पुरलं. युद्धखात्यात खुर्ची रिकामी सापडली. चौकशी समितीनं लेख उत्तम असल्याचा अभिप्राय दिला. नव्या मंत्र्यांनी उर्तुबेंना जनरल केलं आणि यापुढे लिहायला मनाई केली.

उर्तुबे ही बातमी घेऊन वस्तीवर गेले.

"म्हणजे आता लिहिता न येणारा माणूस पाठवतील," कुरुनावेल म्हणाला.

"पाठवतील. तोफा घेऊन. तुम्ही निघा इथून."

"कुठे?"

कुरुनावेलनं विस्तवात एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "आता चांगलं लिही. आणि पोरीचं नाक चपटं आहे, ते चपटंच लिही."

उर्तुबे दुपारभर लिहीत बसले. नाक लिहिताना हात थांबला, पण त्यांनी ते चपटंच लिहिलं. स्वतःला त्यांनी त्यात घेतलं नाही. कागद राजधानीला पोचवायला कुणीतरी उरायला हवं होतं. संध्याकाळी ते एकटेच घोड्यावर बसले.

वसंतात तोफा आल्या. समोर नुसतं गवत होतं. पण दारूगोळा मंजूर झालेला होता, म्हणून गवतावर तोफा डागण्यात आल्या.