टक्करीपुरतं इटालियन

छावणीच्या वळणावर कंपनीच्या गाडीला मागून मोसंब्यांचा टेम्पो धडकला, तेव्हा गाडीतल्या तिघांपैकी एकट्या कृष्णाला हायसं वाटलं. ड्रायव्हर सम्यकनं कपाळाला हात लावला. मागच्या सीटवरचे इटालियन पाहुणे बेर्नार्डीसाहेब पुढच्या सीटवर आपटता आपटता वाचले. कृष्णा मात्र मागं वळला आणि सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडून खणखणीत आवाजात म्हणाला, "उर्तो."

उर्तो म्हणजे बम्प, साधा धक्का. शब्द बरोबर होता. पाहुण्यांनी मान डोलावली आणि कृष्णाला शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखं वाटलं.

त्याचं असं झालं होतं की, वाळूजच्या त्यांच्या कारखान्यात इटालियन शिकवायचं ठरलं, पण भाषेसाठी वेगळं खातंच नव्हतं. म्हणून तो वर्ग सुरक्षा विभागाच्या कार्यक्रमात बसवला. कार्यक्रम सुरक्षेचा म्हटल्यावर 'तुम्ही कसे आहात' आणि 'आज हवा छान आहे' त्यात कसं बसणार? सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुरुवातीचे धडे गाळून थेट 'टक्कर व अपघात' घ्यायला लावला. मग कामगार विभागानंही आपला हक्क सांगितला, म्हणून त्यापुढं 'भांडण व संघर्ष' झाला. एवढ्यात शिकवणाऱ्या सुलेखामॅडमना पुण्याला नोकरी लागली आणि वर्ग बंद पडला.

कृष्णानं मात्र ते दोन धडे घोटून घोटून पाठ केले. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं इटालियन. कोलिजन असो की क्लॅश, दोन्हीला स्कोन्त्रो. भांडणाला लीते, हाणामारीला रिस्सा, युद्धाला ग्वेर्रा. घरात भाजी निवडता निवडता त्याचं ग्वेर्रा-ग्वेर्रा चालायचं. वास्तविक या माणसानं जन्मात कुणाशी आवाज चढवला नव्हता. रिक्षावाल्यानं चुकीच्या जागी उतरवलं तरी तो 'चालतंय की' म्हणून उरलेलं पायी जायचा.

पण कारखान्यात तेवढं इटालियनही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पाहुणे खूश झाले तर त्यांच्या शिफारशीवर कृष्णा वर्षभर इटलीतल्या तुरीनच्या मूळ कंपनीत जाणार होता. त्याच्या मुकुंदवाडीत ही बातमी पसरली होती, आणि सासूबाई आवडाबाईंनी तर गावाकडं जावई परदेशी पोचला असंच सांगून टाकलं होतं. म्हणजे आता न जाण्याची सोयच राहिली नव्हती.

सकाळी व्यवस्थापक तात्यासाहेबांनी त्याला बजावलं होतं, "हे बघ, पाहुण्याला इथं सगळं गोडीगुलाबीचं वाटलं पाहिजे. भांडणतंट्याचा एक शब्द काढायचा नाही."

आता कृष्णाजवळ दुसरा शब्दच नव्हता. म्हणून तो हॉटेलपासून छावणीपर्यंत नुसता हसत बसला होता.

टेम्पोतून सांडू नावाचा दणकट माणूस उतरला. टेम्पो त्याचा, धडक त्याची, त्यामुळं रिवाजाप्रमाणं आधी ओरडायचा मानही त्यानं घेतला.

"काय रं, मधीच ब्रेक मारतो व्हय? रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा हाय?"

"खड्डा दिसला म्हनून मारला," सम्यक म्हणाला. "तुम्ही काय झोपेत चालवता का?"

माणसं जमली. पाहुण्यांनी कृष्णाकडं पाहिलं. "लीते," कृष्णा हळूच म्हणाला. सांडूनं बाह्या सरसावल्या. "रिस्सा?" पाहुण्यांनी विचारलं. "नो रिस्सा," कृष्णा घाईनं म्हणाला. तात्यासाहेबांचा शब्द त्यानं निदान अर्धा तरी पाळला.

इथं एक गोष्ट घडली, जी दोन्ही धड्यांत नव्हती. बेर्नार्डीसाहेब गाडीतून उतरले, चेपलेलं बंपर बघितलं, रस्ता बघितला आणि सांडूच्या बाजूनं भांडू लागले. पाय दाबून सम्यकनं ब्रेक कसा मारला ते दाखवलं, दोन्ही हात आपटून पुढं काय झालं ते दाखवलं. भाषांतराची गरजच पडली नाही. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "पाव्हणा बराबर बोलायलाय."

कृष्णाचा फोन वाजला. तात्यासाहेब होते.

"पाहुणे कसे आहेत?"

"भांडताहेत, साहेब."

"कुणाशी?"

"आपल्याशी."

"अरे, मग माफी माग त्यांची."

"माफी पुढच्या धड्यात होती, साहेब."

तात्यासाहेबांनी फोन ठेवला. इकडं भांडण ऐन रंगात आलं असताना सांडूनं सम्यकला विचारलं, "गाव कोंचं तुझं?" सम्यकनं सांगितलं. सांडूचा आवाज एकदम उतरला. "मंग पारूबाई कोन तुझी?"

"मावशी."

"आरं, ती आमच्या भावकीत दिली की. पारूबाईचा भाचा का तू? मंग आधी न्हाय का सांगायचं, येड्या."

झालं. नातं निघालं म्हणजे भांडण मिटलं, इकडं पूर्वापार असंच चालत आलंय. सांडूनं सम्यकच्या खांद्यावर हात टाकला, टपरीवर चहा सांगितला आणि बंपरची गोष्ट दोघंही विसरले. गर्दी पांगली.

भांडणात एकटे बेर्नार्डीसाहेब उरले. ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, तो सांडू आता शत्रूबरोबर बशीतून चहा पितोय हे बघून त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांनी आपला कप टपरीवर आदळला आणि सांडूलाच बोलायला सुरुवात केली.

"ह्यांना काय झालं आता?" सांडूनं विचारलं.

"मामा, ते तुमच्या बाजूनं होते. तुम्ही त्यांना न विचारता मिटवलं," कृष्णा म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोरून तुरीन लांब लांब चाललं होतं आणि त्याला खरोखर रडू येत होतं. "मामा, काहीतरी करा. माझं सगळं ह्यांच्यावर आहे."

"मंग नातं काढू की. गाव कोंचं पाव्हण्याचं?"

"तुरीन."

"आपला सार्थक हाय की तिकडं. बहिणीचं पोरगं, मिलानला शिकतंय." सांडूनं फोनवर भाच्याचा फोटो काढून पाहुण्यांपुढं धरला. "मिलान. मिलान."

बेर्नार्डीसाहेब दोन पावलं मागं सरले. मग मिलानविषयी ते जे काही बोलले, त्यातले सहा शब्द कृष्णाला चांगलेच ओळखीचे वाटले.

"मिलानवाल्यांशी ह्यांचं जमत नाही, मामा."

सांडूला हे लगेच समजलं. त्याचंही शेजारच्या गावाशी तीन पिढ्या जमत नव्हतं. "मंग सांग त्यान्ला, सार्थकचं बी जमत न्हाई. घरमालकीण कुकरच्या शिट्टीवरनं भांडती, वरचा मानूस सायकल आडवी लावतो. रोज फोन करून रडतंय लेकरू."

कृष्णानं खोल श्वास घेतला. तात्यासाहेबांचा शब्द मोडणार होता, पण दुसरा इलाज नव्हता. फोटोवर बोट ठेवून तो बोलू लागला, "सार्थक, मिलानो, लीते. सार्थक, मिलानो, स्कोन्त्रो." मग सायकल आठवून त्यानं दोन्ही हात उंचावले. "सार्थक, मिलानो, ग्वेर्रा."

पाहुण्यांनी फोन हातात घेऊन तो फोटो जवळून बघितला. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सांडूला मिठी मारली, सम्यकलाही ओढून घेतलं आणि टेम्पोच्या फळीवर बसून मोसंबी सोलायला घेतली. कारखान्यात पोचायला दुपार झाली, पण तोपर्यंत तिघं एकमेकांना मामा म्हणत होते.

संध्याकाळी तात्यासाहेबांनी कृष्णाला बोलावलं. बेर्नार्डीसाहेबांनी दुपारीच तुरीनला कळवलं होतं आणि तिथून इंग्रजीत मेल आला होता.

"अभिनंदन. शिफारस झाली तुझी. असा तयारीचा माणूस आजवर पाहिला नाही, असं बेर्नार्डीसाहेबांनी कळवलंय."

"तुरीनला ना, साहेब?"

"नाही, मिलानला. तुरीनवाल्यांचं तिथल्या शाखेशी वर्षानुवर्षं वाकडं आहे. तिकडं त्यांच्या बाजूनं भांडायला कुणी टिकत नाही, म्हणून तुला पाठवताहेत." तात्यासाहेबांनी चष्मा काढला. "तू काय बोललास रे त्यांच्यापुढं?"

घरी बायकोनं, मोनिकानं, दारातच विचारलं, "ठरलं का जायाचं?"

"ठरलं," कृष्णा मटकन खाली बसत म्हणाला. "पण भांडायला जायचंय. वर्षभर, रोज."

भांडायला म्हटल्यावर मोनिकाचे डोळे चमकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिला एकदाही धड भांडू दिलं नव्हतं. भांडण काढलं की हा समोरून मान हलवायचा आणि तिचाच उत्साह मावळायचा. तिनं पदर खोचला आणि त्याच्यासमोर बसली.

"मंग इथूनच सराव करा. सांगा, सकाळी दूध उतू गेलं ते कुणाच्या चुकीनं?"

कृष्णानं पुष्कळ विचार केला.

"माझ्या," तो म्हणाला.