रंगारीकाकू आणि परत आलेले डबे

दुपारी तीन वाजता रंगारीकाकू उष्टे डबे बघायला बसतात. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत ही वेळ पक्की आहे. पोर्चमध्ये प्लास्टिकचं स्टूल, नाकावर चष्मा, उजव्या हाताला परत आलेले स्टीलचे डबे, डाव्या हाताला रिकामं घमेलं. काकू एक डबा उचलतात, झाकण काढतात, उजेडाकडे तिरपा धरतात, आत बघतात आणि मग घमेल्यात टाकतात. कधी पाच सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. त्यांनी बघितल्याशिवाय डब्याला पाणी लावायचं नाही. एकदा स्वयंपाकाला असलेल्या पुष्पाने घाईत सहा डबे आधीच विसळले. काकू तिला रागावल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, एवढंच.

शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, यांचा चमचा हरवलाय. आठव्या दिवशीही त्या शोधतच होत्या, तेव्हा मी कंपाउंडवरून विचारलं, "काकू, काय शोधता?"

"काही नाही भाऊ. जेवण झालं का नाही, थे पाहून राहिली."

"कोणाचं?"

"सगळ्यायचं."

सगळे म्हणजे धंतोलीच्या खाजगी दवाखान्यांत पडून असलेले पेशंट. कोणी गोंदियाचा, कोणी वरूडचा, कोणी मौद्याजवळच्या खेड्यातला. घरचं जेवण कितीतरी किलोमीटर मागे राहिलेलं असतं. काकूंचा डबा त्यांच्यासाठी जातो. यजमान गेल्यावर त्यांनी हे काम सुरू केलं. मुलगी स्मिता तेव्हा इंजिनिअरिंगला होती. पुढे ती पुण्याला नोकरीला लागली आणि काकू घरात एकट्या उरल्या.

सुरुवातीला त्या सगळंच करायच्या. तर्रीपोहे, पाटोडीरस्सा, बारशाच्या ऑर्डरी, उन्हाळ्यात कुरड्या, रविवारी वडाभात. मग एकेक गोष्ट बंद होत गेली. बंद करण्याची पद्धत ठरलेली होती. काकू त्या पदार्थासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "याच्यानं पेशंट जेवते का?" उत्तर नाही असेल तर दुसऱ्या दिवसापासून तो पदार्थ नाही. कुरड्या गेल्या, पाटोडी गेली, बारशी गेली. वडाभात गेला त्या रविवारी गल्लीने जवळपास सुतक पाळलं. मीही त्यात होतो.

शेवटी तीन गोष्टी उरल्या: पातळ खिचडी, मऊ भातावर मुगाचं वरण, आणि दुधी किंवा दोडक्याची फिकी भाजी. डॉक्टरांची आहाराची चिठ्ठी बघून त्यात मीठ-तेल कमीजास्त. एवढाच पसारा. आणि तो जितका आकसत गेला, तितके दारातले डबे वाढत गेले. हे मी रोज माझ्या खिडकीतून बघत होतो, तरी मला त्याचा हिशेब लागत नव्हता.

स्मिताला आईच्या धंद्याचा अभिमान होता आणि त्याच्या दिसण्याची लाज. एकदा ती पुण्याहून येताना एक चित्र करवून घेऊन आली. पांढरी उंच टोपी घातलेला एक गुबगुबीत स्वयंपाकी, हातात डबा, चेहऱ्यावर हसू.

"हे डब्यावर लावायचं, आई. स्टिकर."

"हा कोण होय?"

"कोणी नाही गं. लोगो आहे. ब्रँडिंग असतं हे."

काकूंनी चित्र उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं. "आपल्या घरात तं कोणी टोपी घालत नाही. याच्यानं पेशंट जेवते का?"

"आई, प्रत्येक गोष्टीला तेच काय विचारतेस?"

"मंग त्या टोपीवाल्याले म्हणा, एका बिमार माणसाले चार घास खाऊ घालून दाखव. आजच लावतो त्याले."

घराला आजही पाटी नाही. पत्ता विचारणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी "डब्यावाल्या काकू" एवढं पुरतं.

डबे पोचवायचं काम ढोके करतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरताना अजूनही "चला, पुढे सरका" म्हणतात. काकूंच्या पाहणीच्या वेळी ते बाजूला वही घेऊन बसतात आणि काकू डब्यावरचा खोलीचा नंबर वाचून सांगतील ते लिहितात. हे ऐकणं म्हणजे निकाल ऐकण्यासारखं असतं.

"तीनशे चार. हा जेवला नाही. भात नुसता दाबून बाजूले सारला. बायको समोर बसली असन, तिले दाखवाले."

"लिहिलं."

"दोनशे दहा. मधातूनच चार घास कमी. याले कोणीतरी भरवून राहिलं. चांगलं हाय. उद्या खिचडी अजून पातळ."

"लिहिलं."

एकदा वरूडच्या एका म्हाताऱ्या पेशंटचे डबे तीन दिवस एकसारखे आले. वरण संपलेलं, भाजीचा रस संपलेला, फोडी आणि भात जागच्या जागी. काकूंनी तिसरा डबा बराच वेळ धरून ठेवला.

"ढोके, याची बत्तीशी गावाले राहिली."

"काहीही काय काकू! डब्यात बत्तीशी दिसते काय तुमाले?"

"दिसत नाही, म्हणूनच सांगून राहिली. इचारून या."

ढोके विचारून आले. म्हाताऱ्याची कवळी गावच्या घरी फळीवर पाण्याच्या वाटीत होती. ॲम्ब्युलन्सच्या घाईत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि परक्या लोकांत त्याला सांगायची लाज वाटत होती. दोन दिवसांनी कवळी वरूडच्या बसने आली. ढोकेंनी ती स्वतः स्टँडवरून आणली आणि गल्लीत प्रत्येकाला सांगितलं. शेवटी म्हणायचे, "मी तीस वर्षं पब्लिकचे चेहरे पाहिले. पण ही बाई डब्यातून चेहरा पाहते, बाप्पा."

मी बातमीदारीच्या धंद्यात होतो. खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय. म्हणून मी महिनाभर ढोकेंच्या वहीवर लक्ष ठेवलं. काकू चुकल्या नाहीत असं नाही. पण चुकल्या तेव्हा त्यांनीच ते आधी ओळखलं. त्यातली सगळ्यात मोठी चूक अशी.

एका उन्हाळ्यात डबे लख्ख येऊ लागले. एकही शीत नाही. पुष्पा खुश, ढोके खुश, फोनवर स्मिता खुश. काकूही पहिले काही दिवस खुश होत्या. मग एका दुपारी त्यांनी एक डबा तिरपा धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बिमार माणूस डबा चाटूनपुसून खात नाही, ढोके."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः डब्यांबरोबर गेल्या. धंतोलीच्या एका दवाखान्यात जिन्याखाली सावलीत पेशंटसोबत आलेले लोक ओळीने बसले होते आणि काकूंचे डबे खात होते. कोणाचा भाऊ, कोणाची सून, कोणाचा बाप. पेशंटने दोन घास घेऊन डबा बाजूला केला की तो यांच्याकडे यायचा. कधी दोन घासांच्या आधीच यायचा. गावाहून आलेली, चार-चार दिवस चहा-बिस्किटांवर काढलेली माणसं. काकूंना बघून एक बाई डबा झाकून उठली.

"बस वं, बस," काकू म्हणाल्या. "खाऊन घे. तुह्याच भुकेचा इचार माह्या डोक्यात आला नाही."

सगळं काही बंद करत आलेल्या या बाईने त्या दिवशी एक गोष्ट सुरू केली. सोबतीचा डबा. जाड पोळ्या, वांग्याची रसभाजी, ठेचा. पेशंटचा डबा हवा असेल तर सोबतीचा घ्यावाच लागतो. नुसता एक मिळत नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्ही तर कमी करणाऱ्या. हे वाढवलं काहून?"

"सोबतचा उपाशी असला तं पेशंटच्या तोंडातला घास पळते, भाऊ. याच्यानंच तं पेशंट जेवते."

धंदा खरा वाढला तो त्यानंतर. मागचं अंगण शेडने झाकलं गेलं, पुष्पाच्या हाताखाली चार बाया आल्या, ढोकेंच्या दुचाकीच्या जागी तीनचाकी आली.

त्यामुळे या वर्षी एक मोठा प्रस्ताव आला याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याला आपल्या सगळ्या खाटांचं जेवण काकूंकडे द्यायचं होतं. स्वयंपाकघर दवाखान्याच्या तळमजल्यावर, भांडी त्यांची, माणसं काकूंची. अट एक होती, व्यवहार सांभाळायला शिकलेलं माणूस हवं. फोनवर हे ऐकल्यावर स्मिता म्हणाली, "मग मी येते ना आई. कायमची."

काकू गल्लीत कधी घरचं सांगत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला चार वेळा सांगितलं. सकाळी दूध घेताना, दुपारी, संध्याकाळी कंपाउंडवरून, आणि मग मुद्दाम घरी येऊन. "स्मिता येऊन राहिली, भाऊ. नोकरी सोडून." पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, चारही वेळा.

कागद करायला दवाखान्याचे व्यवस्थापक आले, तेव्हा स्मिता दोन दिवसांच्या रजेवर आलेली होती. काकूंनी मलाही बसवलं. "तुमाले कागद वाचता येते," म्हणाल्या. व्यवस्थापक तरुण होते, नम्र होते. त्यांनी नमुना म्हणून एक बंद ट्रे आणला होता. वर पातळ प्लास्टिकचं सील, आत पाच खण. काकूंनी सील काढलं आणि ट्रे सवयीने उजेडाकडे तिरपा धरला. तो कोरा होता.

"खाऊन झाल्यावर हा कुठी जाते?"

"वॉर्डातूनच डिस्पोज होतो, मॅडम. आमचं हाऊसकीपिंग बघतं."

"म्हणजे माह्याकडे येत नाही?"

"नाही नाही, तुम्हाला धुण्याचा त्रासच नाही."

"मंग कोण जेवलं अन् कोण नाही, मले कसं समजन?"

"फीडबॅक फॉर्म आहे ना. प्रत्येक ट्रेबरोबर."

"फॉर्म तं जेवणारा भरते, साहेब."

व्यवस्थापकांनी वहीत काहीतरी लिहिलं. काकूंनी विचारलं, ट्रे दुपारी तासभर माझ्याकडे आणता येतील का? नाही, वापरलेलं सामान वॉर्डाबाहेर जात नाही, संसर्गाचा नियम आहे. मग मी जेवणाच्या वेळी वॉर्डात उभी राहू? तेही चालत नाही. नियम बरोबर होते, हे इथे नोंदवलं पाहिजे. व्यवस्थापक खोटं बोलत नव्हते आणि अडवतही नव्हते. काकूंनी तिसरा मार्ग शोधला, चौथा शोधला. एवढी घासाघीस करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भाजीवाला सांगेल तो भाव देणारी बाई होती ही.

शेवटी त्यांनी ट्रेवर सील परत बसवलं. "मंग नाही जमत, साहेब."

"आई, एक मिनिट," स्मिता म्हणाली. "तू कशाला नाही म्हणतेयस ते कळतंय का तुला?"

"समजते."

"नाही समजत. मी राजीनामा टाइप करून ठेवलाय. मी येतेय, आई. इथे. घरी. एवढं मोठं होईल आपलं काम, आणि तू उष्ट्या डब्यांसाठी..."

व्यवस्थापक कपात बघत होते. काकू त्यांना म्हणाल्या, "चहा घ्या साहेब, थंडा होऊन राहिला." मग स्मिताकडे वळल्या. आवाज तोच होता, पण हात पदरात गेले होते.

"एवढी माणसं जेवतीन, अन् त्यातलं उपाशी कोण राहिलं थे मले समजणार नाही. असा धंदा वाढत नाही वं. नुसता पसरते."

स्मिता दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. भांडण झालं नाही. रिक्षात बसताना तिने आईचा हात धरला, सोडला, आणि मग फोनमध्ये बघू लागली.

त्याच दुपारी काकूंनी मला हाक मारली. वरची एक खिडकी उघडत नव्हती. वर म्हणजे गच्चीला लागून असलेली खोली, जिथे बारशाच्या ऑर्डरींची जुनी पातेली पडून असायची. काकूंनी कुलूप काढलं. पातेली नव्हती. भिंती फिक्या जांभळ्या रंगाच्या, अजून वास येणाऱ्या. एक टेबल. भिंतीवर इंटरनेटचा डबा, हिरवा दिवा चालू. आरशाचं कपाट. नवी फिरती खुर्ची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. कोपऱ्यात एसी. खाली स्वतःच्या खोलीत या बाईंचा पंखा एकाच वेगाने फिरतो.

खिडकीच्या फटीत रंग सुकून बसला होता. मी पट्टीने खरवडला आणि धक्का दिला. ती उघडली.

"स्मिताने पाहिली खोली?"

"कुलूप होतं ना. रंगाचा वास कुठून येऊन राहिला म्हणे. मी सांगतलं, भाऊकडे काम निघालं." काकू टेबलावरची धूळ हाताने पुसत होत्या; धूळ नव्हती. "सही झाली का वर नेऊन दाखवीन म्हटलं होतं."

"मग सही नाही झाली तरी दाखवायची ना."

"काल दाखवली असती तं थे रडली असती. अन् थे रडली असती तं मी सही केली असती, भाऊ."

मी खुर्चीवरच्या प्लास्टिकला हात घातला. म्हटलं, "हे तरी काढून टाकतो. उन्हाने चिकटून बसेल."

काकूंनी माझा हात बाजूला केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "थे आली का थेच काढन."