गॅलरीतून आवाज

आमच्या लोणारात सदाशिवजी रोज दुपारी रिकाम्या खोलीची हजेरी घेत. दार लावून, चष्मा पुसून, दिल्लीच्या कायदेमंडळातल्या सभासदांची नावं मोठ्यानं पुकारायची, 'हाजिर' म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबायचं आणि खूण करायची. त्यातले कितीतरी केव्हाच वर गेलेले! शेवटी हाक यायची, "शंकर." तिथं जरा जास्त थांबत, पण खूण करत नसत. "आज आला नाही," म्हणत. म्हणजे बाकीचे आले होते की काय! माझ्या अंगावर काटा यायचा. यादी पालथी घातली, तर शंकर नावाचा सभासदच नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. सदाशिवजी तहसिलीतले निवृत्त रेकॉर्डकीपर. तिथं रद्दीत निघालेले कायदेमंडळाचे छापील अहवाल त्यांनी बैलगाडीनं घरी आणले आणि कायदेमंडळाचा इतिहास लिहायला घेतला. इंग्रजी वाचून दाखवायला मी, शाळामास्तर. गावानं त्यांना 'सभापती' करून टाकलं होतं. चहात साखर कमी पडली तरी ते म्हणत, "सवाल दाखल हाय. जवाब बाकी." चहावाला मुकाट्यानं साखर आणून टाके.

इतिहासही भलताच. कायदे, भाषणं, मतदान, कशात म्हणून त्यांचा जीव नाही. "मोठ्या लोकाइचं सोडा, मास्तर. कंसातलं वाचा." कंसात काय असणार? हशा. टाळ्या. गॅलरीतून आवाज, म्हणजे वर बसलेल्या प्रेक्षकांतून कुणी ओरडलेलं. असा आवाज आला की मला थांबवत आणि मागच्या अंधाऱ्या खोलीकडे कान देऊन बसत. घरात दुसरं माणूस नव्हतं. तरी मीही ऐकू लागे, आणि मग स्वतःचाच राग येई.

एका दुपारी मी वाचत होतो. कुणी सभासद म्हणाला, लोकांनी अजून धीर धरला पाहिजे. लगेच कंसात, गॅलरीतून आवाज: 'कौन?' आणि हशा. इंग्रजी मजकुरात तेवढाच एक शब्द हिंदी.

"काय बावळट माणूस!" मी म्हटलं. "लोकांनी म्हणून धडधडीत सांगितलंय, वर विचारतो कोण!"

सदाशिवजी उठून उभे राहिले.

"कौन नाही हो, मास्तर. काऊन! दिल्लीवाल्यानं चुकीचं टिपलं. 'का' म्हणून इचारून राह्यला तो. असं आपल्या वऱ्हाडातलं पोरगंच इचारते. माहा शंकर हाय तो!"

मग त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी दिल्लीला निघालेल्या मुलाला त्यांनी उंबऱ्यात अडवलं होतं. जाऊ नको म्हणाले. त्यानं विचारलं, "काऊन?" यांनी थोबाडीत मारली. पोरगा गेला तो गेलाच, पत्र नाही की निरोप नाही.

"सवाल दाखल हाय, मास्तर," ते खाली बसत म्हणाले. "जवाब बाकी."

त्यानंतर आम्ही उरलेले सगळे अहवाल चाळले. तो आवाज पुन्हा कुठं सापडला नाही. हिवाळ्यात सदाशिवजी गेले.

आवराआवर करताना मी त्यांच्या इतिहासाची वही उघडली. पानोपान कंसातलंच उतरवलेलं. हशा, टाळ्या, आवाज. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

'सवाल: काऊन?
जवाब: मले भेव वाटलं रे पोरा. तू गेला तर घरात आवाज राह्यणार नाही.'

मागच्या खोलीकडे तोंड करून मी ते मोठ्यानं वाचलं, आणि 'हाजिर' म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबलो.