टिटवी, जीप आणि काठ समन्वय समिती

पाणी जिथे संपतं तिथे काठ सुरू होतो, आणि काठ जिथे सुरू होतो तिथपर्यंत गाडी गेलीच पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. ज्यांच्या वाट्याला समुद्र आला त्यांनी ते वाळूवर अमलात आणलं. मावळात समुद्र नाही. (लोणावळ्यात धुकं दाटल्यावर तसा भास होतो, पण त्याचे पैसे हॉटेल वेगळे लावतं.) आमच्याकडे बेडसे लेण्यांच्या डोंगरापलीकडे एक धरण आहे. होळीनंतर त्याचं पाणी उतरू लागतं आणि वर्षभर बुडालेली जमीन उघडी पडते. सपाट, खड्यांची, कडेला गाळाची. तिच्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या उतरतात. त्याच दिवसांत, त्याच जमिनीवर टिटव्या अंडी घालतात.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर पायाने जरासा खळगा करते, चार खडे सरकवते आणि मातीच्याच रंगाची अंडी घालून मोकळी होते. ना कुंपण, ना परवानगी. नियोजनाच्या दृष्टीने हा अत्यंत बेजबाबदार पक्षी आहे.

तरीही त्याच्याशी समजुतीने वागावं असं ठरलं आणि काठ समन्वय समिती स्थापन झाली. प्रस्तुत लेखक तिचा सचिव. अध्यक्षपदी आदिनाथराव एकमताने निवडून आले. काठावर तंबू लावणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्षही तेच असल्यामुळे दोन्ही संस्थांत कधीही मतभेद झाले नाहीत. समितीने रीतसर हरकती मागवल्या. गाडीवाल्यांकडून पुष्कळ आल्या. पक्ष्यांकडून एकही आली नाही. हा त्यांचा मूक पाठिंबा समजण्यात आला.

मग काठाचे दोन भाग केले. एक गाड्यांचा, एक पक्ष्यांचा. पक्ष्यांच्या भागात पाटी लावली : ‘येथे पक्ष्यांची घरटी आहेत. वाहने नेऊ नयेत.’ त्यामुळे इथे घरटी आहेत हे लोकांना प्रथमच कळलं आणि ती बघायला ते गाड्या घेऊन येऊ लागले. पाटीपाशी गर्दी होऊ लागली तेव्हा समितीने तत्परतेने तिथेच वाहनतळ केला.

सर्व काही समतोल चाललं असताना कैलासची जीप अडकली.

कैलास हा आमच्याच गावचा. घरची भातशेती आहे, पण ती पावसाळ्यापुरती. उन्हाळ्यात तो आपल्या उघड्या जीपमधून पाहुण्यांना काठावर फिरवतो. एप्रिल-मे हाच त्याचा हंगाम. त्या दिवशी एका जोडप्याला जीपची पुढची चाकं पाण्यात आणि मागे डोंगर असा फोटो हवा होता.

“पुढं गाळ हाय साहेब,” कैलास म्हणाला.

“अहो, हे फोर बाय फोर आहे ना?” साहेब म्हणाले.

कैलासने जीप पुढे घेतली. फोटो चांगला आला. जीप पुढच्या चाकांनी गाळात बसली आणि मागे खोल चाकोरी उमटली. ट्रॅक्टर आणून ती ओढायची तर गाळ जरा वाळू द्यावा लागणार होता. जोडपं दुसऱ्या गाडीने गेलं. जीप राहिली.

काही दिवसांनी कैलास ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला तेव्हा मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, चाकोरीतच, टिटवी बसलेली होती. ती उठली, आकांत करत त्याच्या डोक्यावरून दोनदा गेली. खाली चार अंडी होती. जीप पुढे जाऊ शकत नव्हती, कारण पुढे पाणी. चाकोरी इतकी खोल होती की आडवीही वळत नव्हती. निघायचं तर मागे, आणि मागे अंडी.

ट्रॅक्टरवाला बजरंग दोर सोडून उभा होता. “पक्षीच हाय रे. दुसरी घालंल,” तो म्हणाला.

“व्हय,” कैलास म्हणाला. पण त्याने दोर काही हातात घेतला नाही.

टिटवी समोरच गाळात उतरली. तिने पोट पाण्यात बुडवलं, ओली होऊन परत आली आणि तापलेल्या अंड्यांवर बसली. कैलासने ते पाहिलं आणि बजरंगला म्हणाला, “जा तू. बघू मंग.”

घरी त्याच्या आईने, चिमाबाईने, विचारलं, “निगाली का जीप?”

“न्हाई. टिटवी बसलीया.”

“मग बसूं दे की,” चिमाबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. एवढ्या महत्त्वाच्या विषयावर त्या घरात झालेली ही संपूर्ण चर्चा. समितीत झाली असती तर उपसमिती तरी नेमली असती.

समितीपुढे मात्र गंभीर पेच उभा राहिला. जीप अडकली होती ती पक्ष्यांच्या भागात. तिथे वाहन ठेवणं हा नियमभंग, म्हणून जीप ताबडतोब हलवावी अशी नोटीस कैलासला दिली. जीप हलवली तर अंडी फुटतील हे लक्षात आल्यावर, जीप हलवल्यास कारवाई होईल अशी दुसरी नोटीस दिली. दोन्ही नोटिसा मीच लिहिल्या होत्या आणि दोन्ही नियमाला धरून होत्या. कैलासने दोन्ही वाचल्या.

“सचिवसाहेब, आता मी काय करू म्हंता?” त्याने विचारलं.

“पालन करा,” मी म्हणालो.

त्याने पालन केलं. म्हणजे तो जीपपासून बऱ्याच अंतरावर, वाटेच्या तोंडाशी, छत्री रोवून बसू लागला. हंगाम ऐन भरात होता. बाकीच्या जीपा धूळ उडवत जात होत्या आणि हा येणाऱ्या गाड्या परत पाठवत होता. लोक वाद घालायचे. जागा तुझ्या बापाची आहे का, असं एकाने विचारलं. ती खरोखरच त्याच्या आजोबांची होती, धरणात गेलेली. पण तो तसं बोलला नाही. “हितनं चालत जावा, लांबून बघा,” एवढंच म्हणायचा. कुणी चालत गेलं नाही. गाडी जात नसेल तर बघण्यासारखं काय असणार, असा पर्यटकांचा व्यवहारी विचार असतो.

चालत गेली एकटी तेजल. ही कुसगावची, लोणावळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तीही आधी गाडी घेऊनच आली होती.

“अहो, मी पक्ष्यांसाठीच आलेय,” ती म्हणाली.

“ते बरं झालं मॅडम,” कैलास म्हणाला. “पर चाक तेच असतंय.”

तेजलने गाडी तिथेच ठेवली. दुर्बिणीतून पाहून परत आली आणि त्याच्या छत्रीखाली बसली. “उन्हाने अंडी भाजतात. माणसं जवळ उभी राहिली की ती उठते आणि मग वेळ लागत नाही,” ती म्हणाली. त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी यायची, डबा आणायची आणि कैलास जेवून येईपर्यंत गाड्या अडवायची. एका रविवारी एका बाईंनी तिला कोपरापासून हात जोडून विनवलं, की मुलाला फक्त एकदा चाकाला पाणी लावायचंय. तेजलला त्या दिवशी फार एकटं वाटलं असं तिने मला नंतर सांगितलं. मी त्याची नोंद घेतली.

याच सुमारास समितीने स्थळपाहणी ठरवली. वाहनबंदी नीट पाळली जाते की नाही हे पाहायला सर्व सदस्य आपापल्या गाड्यांनी निघाले. पुढे आदिनाथरावांची पांढरी गाडी. कैलास वाटेत उभा राहिला.

“कैलास, आम्ही समिती आहोत,” आदिनाथराव काच खाली करून म्हणाले.

“व्हय भाऊ. उतरा, मी नेतो.”

“अरे, नियम आम्हीच केलाय.”

“मग तर तुमाला ठावंच हाय.”

मागच्या गाड्यांतले सदस्य ऐकत होते. आदिनाथरावांना उतरणं शक्य नव्हतं (बूट नवे होते) आणि परत फिरणंही शक्य नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला कैलासच्या बाजूने गाडी काढायला सांगितलं. वाळलेल्या गाळावर वरून खपली धरते, खाली तो लोण्यासारखा असतो. पांढरी गाडी पन्नासेक पावलं मोठ्या रुबाबात गेली आणि दारापर्यंत खाली बसली. टिटवी तिच्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. आदिनाथराव बूट हातात घेऊन परत आले. कैलासने त्यांना प्यायला पाणी दिलं आणि पायांवर ओतायलाही दिलं. मला वाटतं, आदिनाथरावांना तेच सर्वात जास्त लागलं.

संध्याकाळच्या तातडीच्या बैठकीत अध्यक्षांनीच नियमभंग केला असं म्हणायची वेळ आली होती. परंतु समितीने तोल ढळू दिला नाही. ‘जे चालतं ते वाहन; जे अडकलं आहे ते काठाचा नैसर्गिक भाग’ अशी व्याख्या मंजूर झाली. कैलासची पहिली नोटीस आपोआप रद्द झाली. दुसरी मात्र राहिली.

मेच्या अखेरीस एका सकाळी टिटवी चाकोरीत नव्हती. तेजलने दुर्बीण लावली आणि कैलासच्या हातात दिली. तीन पिल्लं आईमागून खड्यांवर धावत होती. थांबली की दिसेनाशी व्हायची. चौथं अंडं तसंच राहिलं होतं. कैलास बराच वेळ बघत राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि दुर्बिणीची काच खराब आहे म्हणाला. पिल्लं लांब गेल्यावर बजरंगने जीप ओढून काढली. तोवर हंगाम संपला होता आणि त्या साली चिमाबाईच्या घरात पाहुण्यांचा पैसा आला नाही. तिने त्याबद्दल विचारलंही नाही. “किती निगाली?” एवढंच विचारलं.

समितीचा अहवाल मी लिहिला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा : टिटवीने मैलोन्मैल मोकळी जमीन सोडून चाकोरी निवडली, अर्थात गाड्या नसत्या तर घरटंही नसतं, सबब प्रजननासाठी पुढील वर्षी संपूर्ण काठावर अधिक चाकोऱ्या उपलब्ध करून देण्यात याव्यात. हे काम तंबू संघटनेने विनामूल्य स्वीकारलं. तेजलने विरोधी टिपण दिलं. ते परिशिष्टात घेऊ असं ठरलं. परिशिष्ट छापलं नाही.

कैलासचा सत्कारही ठरला. त्याला काय हवं असं विचारलं, तर तो म्हणाला, “वाटेच्या तोंडाला दगुड टाका.” शाल देण्यात आली. दगड त्याने, चिमाबाईने आणि तेजलने मिळून यंदा स्वतःच लोटून टाकले. पलीकडे सध्या तीन टिटव्या बसल्या आहेत. समितीकडे तक्रारींचा ओघ सुरू असून दगड काढायचा ठराव पुढच्या बैठकीत आहे.

ही हकीगत मी आजवर अनेकांना सांगितली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, कैलाससारखी माणसं राहिली नाहीत असं ते म्हणतात, आणि मग जरा थांबून विचारतात, की हे नेमकं कुठे आहे, आणि दगडांच्या बाजूने गाडी निघेल का. आपणही तेच विचारणार आहात, म्हणून सांगून ठेवतो. गाडी छोटी असेल तर निघते.