साळोबाचे काटे आणि दोन काठांचे कायदे

एका जंगलात एक ओढा होता. अलीकडच्या काठाला एक राजा, पलीकडच्या काठाला दुसरा. राजे दोन म्हटल्यावर कायदेही दोन, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच, बाळांनो.

अलीकडे साळोबा नावाचा म्हातारा साळिंदर राहायचा. त्याची लेक कुसाबाई पलीकडे दिली होती. तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. पहिलीच नात! साळोबाने कंदांचं गाठोडं बांधलं आणि हळूहळू निघाला.

पलीकडच्या नाक्यावर ससा कारकून बसला होता.

“थांबा, आजोबा. आमच्याकडे वितीपेक्षा लांब काटा चालत नाही.”

“कुणाची वीत म्हणायची?”

“कारकुनाची.” सशाने इवलासा पंजा ताणून मोजलं. “तीन विती! वर काळेपांढरे पट्टे. पट्ट्यांचा काटा फार घातक.”

“तो जास्त टोचतो?”

“जास्त दिसतो.”

“बरं बाबा. छाटून येऊ?”

“या की. पण तुमच्याकडच्या कायद्यात छाटलेला काटा म्हणजे चोरहत्यार. परत जाताना तुमच्या नाक्यावरचं अस्वल धरेल.”

साळोबा मागे फिरला आणि ओढ्यातल्या मधल्या खडकावर जाऊन बसला. छाटावं तर घर जातं, न छाटावं तर नात दिसत नाही. कायदा नीट समजून घ्यावा म्हणून तो बराच वेळ विचार करत राहिला. जितकं समजलं तितकं डोकं जास्त दुखलं.

तेवढ्यात नाक्यावर बिबटराव आले. त्यांनी नखं आत ओढली आणि मऊ गादीसारखा पंजा पुढे केला. सशाने लिहिलं : निःशस्त्र.

“या, या! बारशाला वाटतं?”

“तर! लहान मुलं मला फार आवडतात.”

साळोबा ताडकन उठला. कुसाबाईचे काटे सासरच्या कायद्याने केव्हाच छाटलेले होते.

“कुसे!” तो ओरडला. “बाळाला घेऊन खडकावर ये! धाव!”

कुसाबाई पाण्यातून धावत आली. मागून बिबटराव आले. आता पंज्यांना नखं होती.

साळोबा कधी कुणाशी भांडला नव्हता. त्याने फक्त पाठ फिरवली आणि काटे फुलवले.

बिबटराव बोंबलत नाक्यावर परतले. नाकात एक काटा डुलत होता.

“पकडा त्या म्हाताऱ्याला!”

“खडक आमच्या हद्दीत नाही,” ससा म्हणाला. मग त्याने पंजा ताणला. “काटा मात्र हद्दीत आहे. तीन विती. वर पट्टे. परवाना दाखवा.”

“अरे, काटा त्याचा आहे!”

“नाक कुणाचं?”

“माझं!”

“मग बाळगणारे तुम्हीच.”

चार रेडे आले आणि बिबटरावांना कोंडवाड्यात घेऊन गेले.

बारसं खडकावरच झालं. बायका दोन्ही काठांवरून पाळणा म्हणाल्या. घुगऱ्या वाटल्या. नातीचं नाव ठेवलं खडकूबाई. सशालाही मूठभर घुगऱ्या पोचल्या. मूठ अर्थात त्याचीच धरली.

तात्पर्य : कायदा जरूर समजून घ्यावा, पण ओढ्याच्या मधोमध बसून. आणि हत्यार बाळगायचंच झालं, तर दुसऱ्याच्या नाकात बाळगावं.