पाव फेरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गॅरेजमध्ये कागद फाडला. रविवारची संध्याकाळ होती. चहा झाला, मालननं कपबशा विसळल्या, साडीचा पदर कमरेला खोचला, डाव्या हाताला कातडी पट्टा बांधला आणि मला म्हणाली, "अहो, कागद लावा."

मालन म्हणजे माझी बायको. वय अडुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, इस्लामपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेली. आणि तिच्या हातात हरणं मारायचं धनुष्य. रामाच्या हातात चित्रात असतं तसलं नव्हे. दोन टोकांना चाकं, मध्ये तीन-तीन दोऱ्या, नेम धरायला हिरवा ठिपका. मुलाकडं अमेरिकेत, ह्या कॅरी गावात आम्ही येऊन अकरा वर्षं झाली. इथं मराठी माणसं पुष्कळ. त्यांच्या बायका योगा करतात, ढोलपथकात जातात, मोदकांचे क्लास घेतात. माझी बायको बाणाचा आऊट काढायची.

'आऊट' ही माझी भाषा. मी सातवी पास. चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. चाक फिरवायचं, रिम डुगडुगली की आऊट आहे म्हणायचं आणि स्पोक आवळायचे. माझ्याकडून घ्यावा असा तिला हा एकच शब्द सापडला. बाकी सगळं मीच तिच्याकडून घेतलं, शिव्या सोडून.

बाणाला शिकारीचं पातं बसवलं की ती काचेच्या बशीत बाण टोकावर उभा करायची, भोवऱ्यासारखा फिरवायची आणि वाकून बघायची. डुगडुगला की नापास. पुढं पुढं तिला सवयच लागली. लाटणं फिरवून बघायची. दुकानात झाडू फिरवून बघायची, गोरी माणसं लांबून जायची. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाहून आली की सांगायची, "त्या साताऱ्याच्या बाई सरळ आहेत हो. जावयाला आऊट आहे."

"किती?"

ती दोन बोटांत माप दाखवायची. माप नाही असं तिच्या जगात काही नव्हतं. "अंदाज नको, माप सांगा" हे तिचं वाक्य. मी भूक लागली म्हटलं तर, "किती? एका भाकरीची की दीड?" धनुष्य घरात आलं तेव्हा आमचा राजू वैतागून म्हणाला, "आई, प्लीज यार! लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "किती लोक?"

धनुष्य दिलं शेजारच्या अर्लनं. अर्ल म्हणजे माझ्याच वयाचा गोरा म्हातारा, एकटा, गावाबाहेर त्याचं शेत आहे. मालननं परसात लावलेली भेंडी आणि चवळी हरणं येऊन खाऊन जायची. ती एक दिवस त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अर्ल, युवर डिअर इज ईटिंग माय भेंडी." हरणं काय त्यानं पाळली होती? पण तो हसला, माळ्यावर गेला आणि वारलेल्या बायकोचं धनुष्य घेऊन खाली आला. "मिस मालन," म्हणाला, "हे सहा वर्षं पडून आहे." त्याच्या शेतावर शिकवलं त्यानंच. लायसन काढून दिलं. पहिल्या थंडीत मचाणावर बसवलं.

त्या थंडीत ती एकही बाण न सोडता परत आली. मचाणाखालून एक मादी गेली म्हणे, मागच्या मांडीत कुणाचा तरी बाण अडकलेला. दोन-तीन दिवसांचा असावा. लंगडत होती, मध्येच थांबून पाला खात होती. घरी येऊन मालन जेवली नाही. मी म्हटलं, "अगं, शिकार आहे. चुकतं एखाद्याचं." तर भडकली. "चुकत नाही. ह्या माणसानं माप घेतलं नव्हतं. एक बाण, एक श्वास, संपलं पाहिजे. नाहीतर सोडायचाच नाही."

तेव्हापासून सहा वर्षं तिनं हरणावर बाण सोडला नाही. तिच्या मते धनुष्य अजून तयार नव्हतं. हरणं भेंडी खातच होती.

आता ह्यात अवघड काय ते सांगतो, मलाही उशिरा कळलं. सरावाचं टोक साधं असतं, पेन्सिलीसारखं. ते सगळी चूक पोटात घालतं. धनुष्य जरा वाकडं बोललं तरी बाण मागच्या पिसांच्या जोरावर सरळ होतो. शिकारीच्या टोकाला तीन पाती असतात. ती पाती वारा धरतात, म्हणजे बाणाच्या तोंडालाही पंख फुटतात. मग पुढचे पंख एकीकडं ओढतात, मागचे दुसरीकडं. धनुष्यात केसाएवढा आऊट असला तरी पातं चुगली करतं. साध्या टोकाचा बाण आणि पात्याचा बाण, दोन्ही तीस पावलांवरून एकाच जागी लागले की धनुष्य जुळलं. त्यासाठी बाण टेकायचा जो टेकू असतो, तो केसाकेसानं सरकवायचा.

आणि कागद. लाकडी चौकट मी केली. तिच्यावर कागद ताणायचा, मागं फोमचा ठोकळा, आणि सहा फुटांवरून बाण मारायचा. गोल भोक पडलं तर बाण सरळ गेला. एका बाजूला फाटलं तर ढुंगण हलवत गेला. आम्ही मंडळाचं पत्रक वापरायचो, कागद चांगला जाड असतो त्याचा. मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो तीन वर्षं पहिल्या पानावर यायचा, त्या माणसाच्या मानेत जेवढी भोकं पडली तेवढी कुणाच्या चाळणीला नसतील. समारंभात भेटले की मालन त्यांना वाकून नमस्कार करायची.

हे सगळं तिच्या हातात ताकद होती, म्हणून चाललं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात छातीत दुखलं. डॉक्टर आमच्यातलेच, नागपूरचे. म्हणाले, "मावशी, जड काही उचलायचं नाही, ओढायचं नाही. घरात काय काय काम करता?"

"भाजी चिरते," मालन म्हणाली. आणि माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

घरी आल्यावर मी म्हटलं, "धनुष्य बंद." ती म्हणाली, "माझी पिसं आणा." संपला विषय. पंचेचाळीस वर्षांत मी तिच्याशी वाद जिंकलो नाही, आता कुठला जिंकतो?

पण मी सायकलवाला. धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्टीच्या मुळाशी एकेक बोल्ट असतो. तो सैल केला की ओढायला हलकं जातं. दर सोमवारी पहाटे ती झोपेत असताना मी गॅरेजमध्ये जायचो. बत्ती लावायचो नाही, वरच्या खिडकीत उजेड दिसला असता. अंधारात पेटी उघडायची, षटकोनी पाना, ॲलन की म्हणतात ती, लावायची, दोन्ही बोल्ट पाव फेरा सैल करायचे, पेटी बंद. आठवड्याला पाव. तिला कळणार नाही आणि तिच्या छातीवर भार येणार नाही. स्वतःला फार शहाणा समजलो मी.

झालं काय, धनुष्य हलकं पडलं की तोच बाण त्याला जास्त ताठ होतो. पात्याचा बाण डावीकडं जायला लागला. तिनं टेकू उजवीकडं घेतला. जुळलं, तोवर सोमवार आला. पुन्हा डावीकडं. ती आठवडाभर जुळवायची आणि मी ते सोमवारी बिघडवायचो. नऊ आठवडे हे चाललं. तिनं बाण बदलले, पिसं बदलली, पाती घासली. बशीत बाण फिरवता फिरवता बशीला टवका उडाला. मला रोज वाटायचं, सांगावं. मग तिच्या छातीवरचा हात दिसायचा आणि मी पुढचा कागद ताणायला घ्यायचो.

त्या रविवारी मी पत्रक लावलं. तिनं बाण सोडला. अध्यक्षांच्या टायपासून उजवीकडं बोटभर फाटलं.

"बघा," ती म्हणाली. "गेल्या रविवारीच गोल पडत होतं."

"हवा बदलली असेल."

"गॅरेजात?"

मी कागद बदलायला लागलो. ती दोरी बोटानं छेडून म्हणाली, "अलीकडं ओढायला फार हलकं लागतं हो. मी जवान झाले की काय?"

"असेल."

"तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत? मी सातवी पास."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडं बघायची तशी. मी कागदाचे कोपरे दाबत बसलो. मग ती खाली बसून बाण पुसायला लागली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात सीझन आहे. औंदा जमलं नाही तर देऊन टाकते अर्लला परत. माझा हातच गेला म्हणायचा."

तिचा हात गेला नव्हता. मी घालवला होता.

त्या रात्री जेवताना ती नेहमीसारखीच बोलली. वांग्याला मीठ कमी आहे म्हणालो तर, "किती?" म्हणाली. लवकर झोपली. मी ठरवलं, बास. सकाळी बोल्ट पुन्हा होते तसे आवळायचे आणि धनुष्य तिच्या पुढ्यात ठेवून सांगायचं, ही माझी करामत, हात तुझा सरळच आहे. मग ओढायचं तर ओढ, नाहीतर सोड, तुझं तू बघ.

तिला जाऊन आता सात महिने झाले. राजू चांगला आहे, सूनही चांगली, माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी दीड भाकरी खातो की एक, कुणी विचारत नाही. इथं आजूबाजूला माणसं भेटतात, म्हणतात, "काका, टाइम लागतो." किती टाइम? हे विचारणारी गेली. देवाधर्मावर माझा आधीही फार भरवसा नव्हता, आता अजिबात नाही. परसात ह्या वर्षी काही लावलं नाही. हरणं येतात, कुंपणापाशी उभी राहतात, वाफे बघतात आणि जातात. अर्ल एकदा येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची. तासभर बसला आणि गेला. त्याला तरी ठाऊक होतं कसं बसायचं ते.

त्या सोमवारी सकाळी मी पाचला उठलो. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी खोलीत दिवा लावला नाही, तिच्याकडं नीट बघितलंही नाही. बघायला हवं होतं. अंदाजानं उठलो, अंदाजानं चपला शोधल्या आणि खाली गेलो.

गॅरेजात मात्र बत्ती लावली. लपवायचं काही उरलं नव्हतं. पेटी उघडली आणि पहिल्यांदाच उजेडात धनुष्य जवळून बघितलं. वरच्या बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशची लाल बारीक रेघ, आणि शेजारी धनुष्याच्या अंगावरही तशीच रेघ. एकमेकींपासून सरकलेल्या. खालच्या बोल्टलाही तेच. सुनेची नेलपॉलिश, मालन कधी लावायची नाही.

मी ॲलन की लावली आणि आवळत गेलो. पाव, पाव, पाव. नवव्या पावाला दोन्ही रेघा टोकाला टोक जुळल्या, वरही आणि खालीही. पहिल्या दिवसापासून खूण करून ठेवली होती तिनं.

मग पेटीचं झाकण बघितलं. आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी होती. वर तिच्या शाळेतल्या अक्षरात 'ह्यांचे पाव' आणि खाली बॉलपेनच्या नऊ रेघा, चारवर एक आडवी मारून पाचाचा गठ्ठा, मग चार. आणि त्याखाली लाल पेनानं शेरा, पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहायची तसा:

'काम नीटनेटके. बोलण्यात सुधारणा हवी.'

म्हणजे नऊ आठवडे ती माझाच आऊट काढत होती. मी सैल करायचो, ती जुळवायची, आणि रविवारी मला कागद लावायला बोलवायची.

मी गॅरेजात एकटाच मोठ्यानं हसलो. धनुष्य भिंतीला टेकवून ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. डॉक्टरनं तिची साखर बंद केली होती, तरी तिच्या कपात दीड चमचा घातली, मापून. दोन कप घेऊन जिना चढलो, आणि वरच्या पायरीवरूनच ओरडलो, "अहो बाई, उठा! मी बोलायला आलोय."